जात्यावरची ओवी, तबल्याचा कायदा आणि यंत्राची मालकी

तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला तीन गोष्टींची सारखीच ओढ असू शकते. निरनिराळ्या भाषा शिकाव्यात व त्यांची व्याकरणे परस्परांशी ताडून पाहावीत ही एक. गाणे अगर वादन शिकावे ही दुसरी. आणि विचार करू पाहणारे यंत्र आतून कसे चालते ते समजून घ्यावे ही तिसरी. आपल्या शिक्षणव्यवस्थेत अशा विद्यार्थ्याला जागा नाही. भाषा हा कला शाखेचा विषय, म्हणजे ज्यांना अन्यत्र प्रवेश मिळाला नाही त्यांचा. संगीत हा छंद, म्हणजे संध्याकाळच्या शिकवणीचा आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचा. कृत्रिम बुद्धिमत्ता हा अभियांत्रिकीचा विषय, म्हणजे ज्याच्या बापाला शुल्क परवडते त्याचा. दहावीचा निकाल लागला की घरचे, शेजारचे आणि शाळेतले असे सगळे मिळून त्याला एकच सल्ला देतात : तिहींतले एक निवड, आणि निवडायचेच तर तिसरे निवड.

सल्ला व्यवहारी वाटतो खरा. परंतु त्याच्या मुळाशी दोन गृहीतके आहेत आणि ती तपासून पाहावयास हवीत. या तीन क्षेत्रांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे पहिले. तिसऱ्या क्षेत्रात जे काही निर्माण होईल ते जगातील मोजक्या कंपन्यांच्याच मालकीचे राहणार, आणि आपल्या मुलाने फार तर त्यांच्या दारात नोकरी मागावी, हे दुसरे. पहिले गृहीतक इतिहासाने कधीच खोटे ठरविले आहे. दुसरे खोटे ठरविण्याचे काम मात्र राजकारणाचे आहे, आणि ते अद्याप कोणी पुरतेपणी हाती घेतलेले नाही.

एकाच मुळाच्या फांद्या

मराठी शाळेत वृत्ते शिकलेल्या माणसाला ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र म्हातारपणीही आठवते. लघू आणि गुरू या अवघ्या दोन चिन्हांच्या मांडणीतून सारी अक्षरगणवृत्ते उलगडता येतात हे पिंगलाच्या छंदःशास्त्राने दोन हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. ठराविक अक्षरांतून लघुगुरूंच्या एकंदर किती रचना होतील हे काढण्याच्या रीतीही त्या शास्त्रात आहेत. बाराव्या शतकात हेमचंद्राने मात्रावृत्तांचा हिशेब मांडला. लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन मात्रा धरून एक, दोन, तीन, चार, पाच मात्रांच्या रचना मोजल्या तर त्यांची संख्या अनुक्रमे १, २, ३, ५, ८ अशी येते. पुढची प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज असते. हीच संख्यामाला युरोपात १२०२ साली फिबोनाचीच्या ग्रंथात आली आणि त्याच्या नावाने जगभर प्रसिद्ध पावली. भाषेची लय मोजण्याच्या गरजेतून गणिताचे एक प्रकरण जन्मास आले, याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

पश्चिमेकडील यंत्रविचारातही हेच नाते दिसते. चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावर एडा लव्हलेस हिने १८४३ साली लिहिलेल्या टिपणांत, स्वरांचे परस्परसंबंध नियमांत बसविता आले तर हे यंत्र संगीतरचनाही करू शकेल, अशी कल्पना आहे. यंत्र प्रत्यक्षात कधी पूर्ण झाले नाही, कल्पना टिकली. १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ येथील उन्हाळी बैठकीत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या नावाने नव्या विद्येचा प्रपंच सुरू झाला, आणि त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठातील संगणकाने रचलेली तंतुवाद्यांची एक रचना लोकांसमोर आली. तत्पूर्वी १९५४ मध्ये रशियन वाक्यांचे इंग्रजीत यांत्रिक भाषांतर करून दाखविण्यात आले होते. भाषांतर आणि संगीत या यंत्राच्या अगदी पहिल्या परीक्षा होत्या. ज्यांना पुढे १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते हर्बर्ट सायमन याही विद्येच्या संस्थापकांपैकी एक. संगणक दहा वर्षांत बुद्धिबळाचा जगज्जेता होईल व रसिकांनी दाद द्यावी असे संगीत रचील, असे भाकीत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९५७-५८ च्या सुमारास केले होते. बुद्धिबळाच्या जगज्जेत्यास यंत्राने हरविण्यास १९९७ साल उजाडावे लागले. यंत्राविषयी आज जी भाकिते रोज ऐकू येतात ती ऐकताना हा अनुभव ध्यानात ठेवलेला बरा.

येथे एका लोकप्रिय भ्रमाचाही समाचार घ्यावयास हवा. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे अमेरिकेच्या अवकाशसंस्थेने जाहीर केले आहे, असे आपल्याकडे व्यासपीठांवरून छातीठोकपणे सांगितले जाते. या वदंतेचे मूळ १९८५ साली रिक ब्रिग्ज या संशोधकाने लिहिलेल्या एका लेखात आहे. संस्कृत वैयाकरणांची वाक्यार्थ उलगडण्याची पद्धत व संगणकात ज्ञान मांडण्याची तत्कालीन पद्धत यांत साम्य आहे, एवढेच त्याचे प्रतिपादन होते. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत भाषा बांधली, ही मानवी बुद्धीची थोर कामगिरी होय. तिला अशा खोट्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. शिवाय आजची भाषायंत्रे व्याकरणाच्या सूत्रांवर चालतच नाहीत. त्यांना लागतो तो मजकूर, आणि तोही अफाट. ज्या भाषेत लिहिलेला व छापलेला मजकूर अधिक, तिचे यंत्र अधिक शहाणे. म्हणजे प्रश्न भाषेच्या पावित्र्याचा उरत नाही. तो साधनसंपत्तीचा होतो, आणि साधनसंपत्तीचा प्रश्न हा नेहमीच मालकीचा प्रश्न असतो.

उस्तादाचा नकार

भाषा, संगीत व यंत्र यांचा मेळ न्याय्य रीतीने घालता येतो काय? येतो, आणि त्याचे एक चांगले उदाहरण भारतातच घडले आहे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी जेम्स किपेन हे ब्रिटिश संगीत-अभ्यासक लखनौ घराण्याचे तबलानवाझ उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तालीम घेत होते. तबल्यातील ‘कायदा’ हा प्रकार रसिकांच्या परिचयाचा आहे. धा, तिरकिट, धिन अशा बोलांचे एक मूळ वाक्य घ्यावयाचे, त्याचे तुकडे उलटसुलट गुंफून त्याचे विस्तार करावयाचे, परंतु खाली-भरीची शिस्त मोडावयाची नाही आणि मूळ वाक्यात नसलेला बोल घुसवावयाचा नाही. हे बोल तोंडाने म्हटले जातात, पाठ केले जातात, शिष्याला सांगितले जातात. म्हणजे तबला ही हाताने वाजविण्याआधी जिभेने बोलण्याची भाषा आहे, आणि ‘कायदा’ हे तिचे व्याकरण.

किपेन यांचे सहकारी बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने हे व्याकरण त्या काळच्या छोट्या ॲपल संगणकावर उतरविले. ‘बोल प्रोसेसर’ असे त्या प्रणालीचे नाव. चॉम्स्की व इतर भाषाशास्त्रज्ञांनी वाक्यरचनेसाठी मांडलेल्या औपचारिक व्याकरणांचा त्यात उपयोग केलेला होता. यंत्राने कायद्याचे नवे विस्तार रचावेत, ते उस्तादांना ऐकवावेत, आणि उस्तादांनी ‘चालेल’ किंवा ‘नाही’ म्हणावे, असा क्रम. उस्तादांनी नाकारलेला विस्तार हा उस्तादांचा हट्ट मानला जात नसे. नियम कोठे चुकला याचा शोध घेऊन यंत्राचा नियम दुरुस्त केला जाई. उत्तरकाळात बेल यांनी उदाहरणे ऐकून, शंका विचारून स्वतःच नियम शिकणारी एक प्रणाली तयार केली व तिला ‘क़वाइद’ असे अर्थपूर्ण नाव दिले.

या प्रयोगाचा आवाका लहान होता. त्यातून कोणताही धंदा उभा राहिला नाही. परंतु त्यातील संबंधांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याची विद्या होती तो समोर बसलेला होता, त्याचे नाव ठाऊक होते, त्याला नकाराचा अधिकार होता आणि त्याचा नकार हेच अंतिम प्रमाण होते. यंत्र शिष्याच्या जागी होते. पुढील विवेचनासाठी हे शब्द जपून ठेवावेत : नाव, संमती आणि नकार.

गिरणी आली, जाते थांबले

याच बर्नार्ड बेल यांचा पुढे महाराष्ट्राशी निकटचा संबंध आला. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन येथे स्थायिक झालेले गी पॉइट्व्हँ हे दोघे पुण्याच्या आसपासच्या डोंगरी भागातील गरिबांच्या संघटनेत काम करीत असताना बायांच्या जात्यावरच्या ओव्या टिपून घेऊ लागले. पाहता पाहता त्या कामाला चळवळीचे रूप आले. एक हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या मुखातून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. बेल यांनी त्या संगणकावर सुसूत्र मांडण्याची व्यवस्था केली आणि पुष्कळशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहालयातून, म्हणजे ‘पारी’तून, त्या लोकांसमोर येत आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या त्यात आहेत. सासर-माहेर, पाऊस, पंढरी, दारुडा नवरा आणि भाऊ-बहिणीची माया हे सारे तर आहेच. महत्त्वाचे म्हणजे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदविलेले आहे. ‘लोकगीत’ या शब्दाच्या पोटात हजारो स्त्रियांची नावे आजवर गडप झाली. येथे ती परत मिळाली.

या ओव्या मुळात थांबल्या कशाने? गावात पिठाची गिरणी आली म्हणून. हे वाक्य शोकाच्या सुरात उच्चारण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु जाते गेले याचा शोक हा ज्यांनी कधी जाते ओढले नाही त्यांचा शोक होय. पहाटे उठून दहा माणसांचे दळण दळणाऱ्या बाईला गिरणीने मोकळे केले, आणि ते चांगलेच झाले. मात्र हिशेबाची दुसरी बाजूही आहे. पहाटेच्या अंधारात, घर निजलेले असताना, जाते ही एकच जागा अशी होती की जेथे दोन बाया समोरासमोर बसून मनातले बोलू शकत. गिरणीने श्रम वाचविले आणि ती जागाही नेली. वाचलेला वेळ बाईच्या वाट्याला आला काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो पाण्याच्या खेपांत आणि दुसऱ्याच्या शेतावरील मजुरीत केव्हाच खर्ची पडला. यंत्र आले म्हणून माणूस आपोआप मुक्त होत नाही. वाचलेल्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरात पडते ते समाजाची रचना ठरविते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात नेमका हाच धडा विसरला जात आहे.

नवे कुंपण

नोव्हेंबर २०२२ पासून ज्या संवादयंत्रांनी जगाचे लक्ष वेधून घेतले आहे, त्यांची कार्यपद्धती लखनौच्या प्रयोगाहून अगदी निराळी आहे. त्यांना कोणी व्याकरण सांगत नाही. मजकुराचे बारीक तुकडे करून कोणत्या तुकड्यामागून कोणता तुकडा येण्याचा संभव किती, हे अब्जावधी वाक्यांवरून त्यांच्याकडून घटवून घेतले जाते. ध्वनीच्या बाबतीतही पद्धत याच धर्तीची. म्हणजे यंत्राचे ‘ज्ञान’ हा माणसांनी आजवर लिहिलेल्या, बोललेल्या व गायिलेल्या गोष्टींचा अर्क असतो. मराठीपुरते बोलावयाचे तर २००३ पासून स्वयंसेवकांनी विनामूल्य उभा केलेला मराठी विकिपीडिया, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईस सुरू झालेला व लोकांच्या करातून साकारलेला मराठी विश्वकोश, वृत्तपत्रांचे लेख, हौशी माणसांनी रात्री जागून टंकलेल्या कविता अशा प्रकारचा मजकूर हेच त्याचे खाद्य.

मार्क्सने ‘भांडवला’त आदिम संचयाचे जे प्रकरण लिहिले त्यात इंग्लंडातील गायरानांना कुंपणे घालून ती खाजगी कशी करण्यात आली याचे वर्णन आहे. आजचा प्रकार त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की, गायरानाला कुंपण पडले की गावकऱ्यांची गाय उपाशी मरे व अन्याय डोळ्यांना दिसे. भाषेच्या गायरानातून कोणी काही नेले तरी भाषा जागच्या जागी राहते, म्हणून चोरी झाल्याचे कोणाला वाटत नाही. कुंपण पडते ते नंतर, पलीकडच्या बाजूला : ज्यांच्या शब्दांतून यंत्र घडले त्यांनाच ते वापरण्यासाठी दरमहा भाडे द्यावे लागते. प्रचंड विद्युत्‌शक्ती आणि महागड्या चकत्या यांवर आरंभीच अवाढव्य खर्च करावा लागत असल्याने या धंद्यात लहानांना शिरकाव नाही. आणि जेथे शिरकाव नसतो तेथे नफ्याचे रूपांतर खंडात होते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

त्यातही भाषाभाषांत भेद आहे. या यंत्रांच्या सेवेचा दर बहुधा तुकड्यांच्या संख्येवर आकारला जातो. इंग्रजीला डोळ्यांपुढे ठेवून तुकडे पाडण्याची रीत बसविल्यामुळे त्याच आशयाच्या देवनागरी मजकुराचे अधिक तुकडे पडतात. अलीकडे यात सुधारणा होत आहे, पण भेद मिटलेला नाही. म्हणजे मराठीत प्रश्न विचारणाऱ्याने इंग्रजीत विचारणाऱ्यापेक्षा अधिक मोजावे. जकात नाके बंद झाले, ही भाषेची जकात मात्र नव्याने सुरू झाली. आणि मराठी तर २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे, २०२४ पासून तिला अभिजात भाषेचा दर्जाही आहे. गोंडी, कोरकू, कोलामी यांचे काय? बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोद परिसरात बोलली जाणारी, जगातील कोणत्याही भाषाकुलाशी नाते सिद्ध न झालेली निहाली, तिचे काय? छापील मजकूर अगदी तुटपुंजा, म्हणून यंत्राच्या लेखी या भाषा जवळजवळ अस्तित्वातच नाहीत. गणेश देवी यांच्या नेतृत्वाखालील लोकसर्वेक्षणाने देशात ७८० भाषांची नोंद केली. त्यांतील बहुसंख्य भाषांच्या वाट्याला ही जकात भरण्याचेही भाग्य येणार नाही.

यंत्रामागील श्रमाचीही हीच कथा आहे. संवादयंत्राने अभद्र बोलू नये म्हणून हिंसेची व लैंगिक अत्याचारांची वर्णने दिवसभर वाचून त्यांवर खुणा करण्याचे काम केनियातील कामगारांकडून तासाला दोन डॉलरहूनही कमी मजुरीत करून घेतले गेले, हे जानेवारी २०२३ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने उघड केले. यंत्र स्वयंचलित असल्याचा भास निर्माण करण्यासाठी किती माणसांना अदृश्य व्हावे लागते, हे त्यावरून कळावे.

न्यायालये आणि त्यांच्या मर्यादा

या लुटीविरुद्ध न्यायालयांत काहीच घडत नाही असे नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये म्युनिक येथील न्यायालयाने गीतकारांच्या संघटनेच्या दाव्यात संवादयंत्राच्या कंपनीविरुद्ध निर्णय दिला. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ‘सुनो’ व ‘उडिओ’ या संगीतयंत्रांवर खटले भरले. आणि त्यांतील काहींनी २०२५ संपण्यापूर्वीच तडजोड करून त्याच यंत्रांशी परवान्याचे करार केले. हा शेवट उद्‌बोधक आहे. दोन भांडवलदार भांडले आणि लुटीची वाटणी ठरली.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या उद्योग विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये असे सुचविले की, यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी प्रकाशित साहित्य वापरण्याचा सरसकट परवाना कंपन्यांना द्यावा व त्या बदल्यात हक्कधारकांना कायद्याने ठरविलेले मानधन मिळावे. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. परंतु हक्कधारक कोण? ज्याचे नाव प्रकाशकाच्या, ध्वनिमुद्रण कंपनीच्या वा एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या दप्तरी आहे तो. जात्यावर गाणाऱ्या बाईची कोठल्या दप्तरात नोंद आहे? गोंधळी, वासुदेव, वाघ्या-मुरळी, तमाशाच्या फडातील ढोलकीवाला यांना कोणती संस्था मानधन पोचविणार आहे? नामांकित गायकाला न्यायालयाचे दार उघडे आहे. ज्या मातीतून त्याचे गाणे उगवले तिला वारस नाही, असे मानून कायदा पुढे जातो.

दोन आक्षेप

यावर डाव्या विचाराच्या मित्रांकडूनच दोन आक्षेप येतात. पहिला असा की, एवढे सारे खरे असेल तर या यंत्राला विरोधच का करू नये? साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्यास कामगार संघटनांनी कसून विरोध केला होता. त्यामागची नोकऱ्यांची चिंता खोटी नव्हती. परंतु संगणक आला तो आलाच. आणि विरोधात शक्ती खर्च झाल्याने तो कोणत्या अटींवर यावा हे ठरविण्यात श्रमिकांचा वाटा मात्र राहिला नाही. याउलट २०२३ साली हॉलिवुडच्या पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला. यंत्र नको अशी त्यांची मागणी नव्हती. ते कोणी, केव्हा व कोणाच्या संमतीने वापरावे हे करारात लिहून मागितले, आणि पुष्कळसे मिळविले. संघटित श्रमिक यंत्राला अटी घालू शकतो, हे त्या संपाने दाखविले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ओव्या, बंदिशी, बोली हे सारे सर्वांसाठी खुले केले तर ते कंपन्यांनाही खुले होणार. झाकून ठेवले तर विद्यार्थी त्याला मुकणार. यातून वाट कोणती? या पेचाची जाण देणारे एक उदाहरण आपल्या संगीताच्या इतिहासात आहे. घराण्यांच्या कडीकुलपात असलेल्या बंदिशी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव फिरून मिळविल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून टाकल्या. घराण्याबाहेरच्या मुलामुलींना गाणे शिकणे शक्य झाले ते अशा प्रयत्नांमुळे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण ज्या उस्तादांच्या कंठातून त्या बंदिशी आल्या, त्यांच्या मुलाबाळांच्या चरितार्थाचे काय, हा प्रश्न त्या राष्ट्रीय कार्याच्या भरात मागे पडला. खुले करणे आणि न्याय करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही कराव्या लागतात.

सामूहिक मालमत्ता म्हणजे वाटेल त्याने यावे व लुटून न्यावे असे रान, ही समजूत एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी खोडून काढली. त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्याच कामासाठी मिळाले. पाणी, कुरण, मासेमारी यांवर सामायिक हक्क सांभाळणारे समाज स्वतः नियम करतात, मर्यादा आखतात आणि मोडणाऱ्याला दंडही करतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांनी दाखविले. भाषा व संगीत यांच्या बाबतीतही हे करता येईल. शिकणाऱ्याला, शिक्षकाला, सार्वजनिक संस्थेला संग्रह विनामूल्य खुला. नफ्यासाठी वापरणाऱ्यास परवाना, मोबदला, आणि त्यातून घडविलेले यंत्रही खुले ठेवण्याची अट. अशी अट पाळली जाते की नाही हे पाहणारी यंत्रणा उभी करणे कठीण आहे, हे खरे. परंतु किमान वेतनाचा कायदा राबविणे तरी कोठे सोपे होते?

मागावयाचे ते काय

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय मोहिमेसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. त्यातून उभी राहावयाची गणनशक्ती खाजगी भागीदारीने उभारण्याचे धोरण आहे. जनतेचा पैसा जेथे लागला तेथे घडलेले यंत्र, त्याचे अंतरंग व त्याला पुरविलेला मजकूर जनतेचाच राहिला पाहिजे, ही पहिली मागणी. २०२२ साली सुरू झालेल्या ‘भाषिणी’ प्रकल्पात लोकांकडून वाक्ये व आवाज दान म्हणून घेतले जातात. दान घेणाऱ्याने दानाचा विनियोग जाहीर करावा, ही दुसरी.

तिसरी मागणी राज्य सरकारकडे. ओव्या, भारुडे, आदिवासी गीते यांचा लोकसंग्रह गाणाऱ्याच्या नावानिशी व संमतीनिशी उभा करावा, व त्याच्या व्यापारी वापरातून येणारा मोबदला त्या गावच्या ग्रामसभेकडे आणि लोककलावंतांच्या निधीकडे जावा. राईरकर आणि पॉइट्व्हँ यांनी तुटपुंज्या साधनांनिशी जे केले ते राज्याला अशक्य असल्याचे कोणी सांगू नये. चौथी मागणी श्रमिकांची. यंत्रासाठी मजकुरावर खुणा करणारे, आवाज देणारे, भाषांतर तपासणारे सारे कामगार आहेत. त्यांना वेतन, विमा आणि संघटनेचा हक्क हवा.

पाचवी मागणी आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याची. १९८३ साली महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले आणि यंत्रविद्या ही ऐपतीची गोष्ट झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृत कोशाचे काम चालू आहे. मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणातही त्या संस्थेचा वाटा आहे. अशा संस्था, राज्यातील विद्यापीठांचे भाषा व संगीत विभाग आणि संगणकशास्त्र यांचा एकत्रित अभ्यासक्रम अनुदानित संस्थांतून, गरिबाला परवडेल अशा शुल्कात, मराठी माध्यमातूनही शिकता आला पाहिजे. नव्या शिक्षण धोरणात आंतरविद्याशाखीय हा शब्द जागोजाग आहे. शिक्षकांची भरलेली पदे मात्र त्या प्रमाणात नाहीत. ज्याला कोरकू येते, ढोलकी वाजविता येते आणि गणितही येते असा मेळघाटातला मुलगा वा मुलगी हे या देशाचे दुर्मीळ मनुष्यबळ आहे. त्याला वा तिला ‘तिहींतले एक निवड’ असे सांगणे ही राष्ट्रीय उधळपट्टी होय.

भाषेच्या बाबतीत समाजवाद्यांना आणखी एक सांगणे आहे. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले ते शेजाऱ्याची भाषा प्रेमाने शिकण्याचे. राममनोहर लोहियांनी लोकभाषांचा आग्रह धरला तो सत्तेचा कारभार सामान्य माणसाला कळावा म्हणून. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकविण्याचे सरकारी आदेश काढून ते लोकांच्या विरोधामुळे २९ जूनला मागे घ्यावे लागले. वरून लादलेली भाषा आणि आवडीने शिकलेली भाषा यांतला फरक त्यातून पुन्हा स्पष्ट झाला. भाषांतर करणारे यंत्र कानडी कथा मराठी वाचकापर्यंत क्षणात पोचवील, हे स्वागतार्ह आहे. पण म्हैसूरच्या माणसाशी कानडीत चार वाक्ये बोलणारा कोल्हापूरचा विद्यार्थी जे नाते जोडतो, ते यंत्र जोडणार नाही. म्हणून यंत्र आले तरी भाषा शिकण्याची गरज सरत नाही. उलट यंत्र कोठे चुकते आहे, कोठे फसविते आहे हे सांगण्यासाठी भाषा जाणणारी माणसे अधिकच लागतील. लखनौच्या उस्तादांचे ‘नाही’ ज्या समाजात कोणालाच उच्चारता येणार नाही, त्या समाजात यंत्र सांगेल तेच व्याकरण आणि यंत्र वाजवील तोच ताल होईल.

चळवळीसमोर सध्या दोन कामे ताबडतोबीची आहेत. विधिमंडळातील समविचारी सदस्यांनी येत्या अधिवेशनात राज्य सरकारला तीन प्रश्न विचारावेत : मराठी विश्वकोशासह लोकांच्या पैशातून झालेले साहित्य कोणकोणत्या कंपन्यांनी कोणत्या अटींवर वापरले; राज्यातील विद्यापीठांच्या भाषा व संगीत विभागांत किती पदे रिकामी आहेत; आणि लोककलांच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क आज नेमके कोणाकडे आहेत. दुसरे काम कार्यकर्त्यांचे. सेवा दलाच्या कलापथकांची परंपरा ज्या जिल्ह्यांत आजही जिवंत आहे, तेथील शिबिरांतून गावातील म्हाताऱ्या बायांच्या ओव्या त्यांच्या नावानिशी, त्यांना विचारून नोंदवून घेण्यास आरंभ व्हावा. त्या बाया आता ऐंशीच्या घरात आहेत. सरकारची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नाही.